एकटीने पहिल्यांदाच हॉस्टेलमध्ये राहायचंय, निवड कशी करावी?

मोगरा
नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या त्रिमूर्तीनगरची, मिहानमध्ये नोकरी करते. फेब्रुवारीत एकटी बनारसला जाणार आहे, चार रात्री. कॉलेजच्या, ऑफिसच्या ट्रिपा झाल्या, पण मुक्काम आजवर दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेला असायचा. या वेळी सगळं माझं मला ठरवायचंय. आई-बाबा तयार आहेत. बाबांचं म्हणणं एवढंच की राहायची जागा नीट पारखून घे.

बजेट रात्रीला आठशे-हजारापर्यंत. दोन जागा निवडून ठेवल्यात. एक अस्सी घाटाजवळच्या गल्लीतलं हॉस्टेल, सहा बेडची फक्त मुलींची डॉर्म (सगळ्यांची मिळून एकच खोली), रेटिंग चांगलं. दुसरी कँट स्टेशनजवळच्या लॉजमधली सिंगल खोली, जवळपास तेवढ्याच पैशांत. गाडी रात्री साडेअकराच्या सुमारास मुगलसरायला (आताचं पं. दीनदयाळ उपाध्याय जंक्शन) पोचते, तिथून पुढे रिक्षा.

डॉर्म घेऊ की खोली? मुलींची डॉर्म भरली तर मिक्स (मुलं-मुली एकत्र) घ्यावी का? आणि फोटो, रेटिंग सोडून तुम्ही काय बघता?

चंद्रभागा
मोगरा, डॉर्म की खोली हे नंतर. आधी तू तिथे किती वाजता पोचणार ते बघ, कारण जागेची निवड मुळात तिथूनच होते. मी एकटीने फिरते तेव्हा पहिल्या रात्रीची जागा आणि बाकी रात्रींची जागा या दोन वेगळ्या गोष्टी धरते.

तुझंच घे. मुगलसरायहून बनारस पंधरा-सतरा किलोमीटर, गंगेचा पूल ओलांडून जायचं. गाडी वेळेवर आली तरी अस्सीला पोचायला साडेबारा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिकडे अजून धुकं असतं, गाडी दोन-तीन तास लेट झाली तर पहाटेचे तीन. बनारसच्या जुन्या गल्ल्यांत गाडी दारापर्यंत जात नाही. रिक्षावाला चौकात सोडतो, पुढे सामान घेऊन पायी. दिवसा याच गल्ल्या इतक्या गजबजलेल्या असतात की कोणालाही विचारावं, ते दारापर्यंत आणून सोडतात. रात्री दोनला विचारायला कोणी नसतं आणि मॅपचा निळा ठिपका अरुंद गल्लीत दोन घरं इकडे-तिकडे दाखवतो.

म्हणून पहिली रात्र स्टेशनवरच काढ. आयआरसीटीसीच्या रिटायरिंग रूम पोर्टलवर पीएनआर टाकला की त्या स्टेशनवर काय रिकामं आहे ते दिसतं. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी (बसायची जागा पक्की, बर्थ रिकामा झाला तर) लागतं. डॉर्मेटरी दिसली तर ती महिलांसाठी आहे का ते वाचून घे, काही स्टेशनांवर ती फक्त पुरुषांसाठी असते. काहीच मिळालं नाही तर महिलांचं वेटिंग रूम आहेच, उजाडेपर्यंत बसायचं. नाहीतर सरळ दिवसा पोचणारी गाडी बघ. थेट बनारसला जाणाऱ्या गाड्या नागपूरहून रोज नसल्या तरी आठवड्यातले काही दिवस असतात. सुटीचा एक दिवस इकडे-तिकडे करावा लागला तरी कर.

मोगरा
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी भाडं नि फोटो घेऊनच बसले होते. पण सकाळी सातला हॉस्टेलवर गेले तर आत घेतील का? चेक-इन दुपारी बाराचं दाखवताहेत.

रात्रपाळी
हो, घेतात. मी एका हिल स्टेशनच्या हॉस्टेलमध्ये काही महिने रिसेप्शन सांभाळलंय, म्हणून आतल्या बाजूने सांगतो. बेड बारालाच मिळेल, पण सामान ठेवून घेणं, बाथरूम वापरू देणं, कॉमन रूममध्ये बसू देणं हे बहुतेक चांगल्या ठिकाणी होतंच. आदल्या दिवशी फोन करून सांग म्हणजे झालं.

आणि तो फोन कर म्हणजे करच. ॲपवर बुकिंग केलं तरी. पाच मिनिटांच्या बोलण्यात जे कळतं ते पन्नास रिव्ह्यू वाचून कळत नाही. मला जे फोन यायचे त्यातला एक माझ्या कायम लक्षात राहिला. एका मुलीने विचारलं, "रात्री अकरानंतर काउंटरवर कोण असतं, आणि तो जागा असतो की झोपलेला?" या एका प्रश्नात जवळजवळ सगळं येतं. रात्री माणूस जागा असेल तर दार उघडायला कोणी आहे, तब्येत बिघडली तर हाक मारायला कोणी आहे, डॉर्ममध्ये कोणी त्रास देत असेल तर त्याला बाहेर काढायला कोणी आहे. काही ठिकाणी रात्री सगळं कुलूपबंद करून स्टाफ घरी जातो आणि पाहुण्यांना फक्त दाराचा कोड देतात. एकट्या माणसाने अशी जागा घेऊ नये, निदान पहिल्यांदा तरी नाही.

लॉकर आहे का, एवढंच विचारू नकोस. केवढा आहे ते विचार. बऱ्याच ठिकाणी फोन-पाकीट मावेल एवढाच खण असतो आणि अख्खी सॅक बेडखाली उघडी पडलेली. बेडखालचा मोठा ड्रॉवर असेल तर उत्तम. कुलूप स्वतःचं ने, मध्यम आकाराचं, कडी फार जाड नसलेलं. जाड कडी लॉकरच्या कोयंड्यात जातच नाही. हॉस्टेलने दिलेल्या कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे आहे ते आपल्याला माहीत नसतं.

मुलींच्या डॉर्मचं बाथरूम आतच आहे की कॉरिडॉरच्या टोकाला, हेही विचार. रात्री दोनला उठावं लागलं की याचं महत्त्व कळतं. कॅमेरे दारात, जिन्यात, कॉरिडॉरमध्ये हवेत, खोलीत अजिबात नकोत.

ओळखपत्र म्हणून मास्क केलेलं आधार दे, ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) साइटवरून डाउनलोड होतं. बघून नोंद करतील, फोटो काढतील, ठीक. पण मूळ कार्ड काउंटरवर ठेवून घेतो म्हणाले तर नाही म्हण. पॅनकार्डावर पत्ता नसतो म्हणून ते बरेचदा चालत नाही.

तर्रीवाली
मुलींची डॉर्म भेटली तर डोळे मिटून घे. मी तर मिक्समध्येही राहिली आहे, काहीच त्रास झाला नाही. पण पहिल्या वेळेस झोप लागणं महत्त्वाचं आहे ना बाई. मनात धाकधूक राहिली तर रात्रभर कूस बदलत राहशील अन् सकाळी घाटावर डोळे चोळत फिरशील. मिक्स घ्यायचीच वेळ आली तर निदान पडदेवाले बंक (एकावर एक बेड) बघ. अन् बुकिंगच्या वेळेसच लिहून टाक, खालचा बेड पाहिजे, दारापासून दूर. देतीलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर भेटणारच नाही.

प्लग पॉइंट उशाशी आहे का तेही फोटोत झूम करून पाहून घे.

अजनी_जंक्शन
माझं मत थोडं वेगळं आहे. पहिल्याच एकट्या प्रवासात डॉर्म कशाला? दिवसभर अनोळखी गावात, अनोळखी माणसांत फिरायचं आणि रात्री पुन्हा पाच अनोळखी जणींसोबत झोपायचं. कोणी पहाटे चारला गाडी पकडायला उठते, पिशव्यांचा आवाज, मोबाईलचा उजेड. माझी झोप हलकी आहे, दुसऱ्या दिवशी डोकं चालत नाही. आणि थकलेला माणूस चुकीच्या रिक्षात बसतो, जास्त पैसे देऊन बसतो. हॉस्टेलमध्येच खासगी खोलीही मिळते. ती घे, संध्याकाळी कॉमन रूममध्ये ये, गप्पा मार, मग आपल्या खोलीत जाऊन कडी लाव. पैसे जास्त जातील, एक रात्र कमी कर.

चंद्रभागा
@अजनी_जंक्शन, झोपेचं अगदी मान्य. पण एकट्या मुलीला बंद खोलीपेक्षा मुलींची डॉर्म सुरक्षित वाटते याला कारण आहे. खोलीच्या दाराला कडी एकच आणि पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. डॉर्ममध्ये निदान पाच जणींना ठाऊक असतं की ही मुलगी रात्री परत आली की नाही. मला एकदा परगावी ताप भरला होता, तेव्हा शेजारच्या बंकवरच्या केरळच्या मुलीने पाणी, गोळी, सगळं केलं. बंद खोलीत कोणाला कळलंच नसतं.

पण ज्याची झोप हलकी त्याने स्वतःला ओळखून खोली घ्यावी. त्यात एकच उत्तर नाही.

त्या कँटजवळच्या लॉजबद्दल मात्र सांगते. स्टेशनजवळच्या लॉजला माझा विरोध नाही, पण फोन करून स्पष्ट विचार, "मी एकटी मुलगी आहे, खोली द्याल ना?" मध्य प्रदेशातल्या एका गावात मी ॲपवर बुकिंग करून, पैसे भरून रात्री नऊला पोचले, तर काउंटरवरच्या माणसाने सरळ सांगितलं की एकट्या बाईला देत नाही. असा काही कायदा नाही, हा त्यांच्या मनाचा नियम. पण रात्री नऊला कायदा सांगून बेड मिळत नाही. पैसे नंतर परत आले, त्या रात्रीची धावपळ व्हायची ती झालीच. हॉस्टेलवाल्यांना एकटे प्रवासी रोजचेच असतात, तिथे हा प्रश्न येत नाही. याच कारणासाठी मी तुझ्या दोन पर्यायांत हॉस्टेलला मत देईन.

बापाचा_फोन
मुलीचा बाप म्हणून लिहितो. आमची ताई एकटी फिरायला लागली तेव्हा मला झोप येत नसे. मी तिला जाऊ नको म्हटलं नाही, पण दर तासाला फोन करायचो. त्याने तिचाही जीव टांगणीला आणि माझाही. मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं. गाडीचा पीएनआर, हॉस्टेलचं नाव, तिथला लँडलाइन किंवा काउंटरचा नंबर आणि पत्ता माझ्याकडे राहील. पोचल्यावर एक मेसेज, रात्री आत आल्यावर एक मेसेज. बाकी दिवसभर मी फोन करायचा नाही. बुकिंगच्या आधी मी स्वतः त्या हॉस्टेलला फोन लावतो, दोन मिनिटं बोलतो. समोरचा नीट, आदराने उत्तरं देतो की टोलवाटोलवी करतो, एवढ्यावर मला पुष्कळ कळतं.

मोगरा बेटा, बाबांनाच तो फोन करू दे. त्यांना बरं वाटेल. प्रवासाला शुभेच्छा.

तसंच ११२ हा आणीबाणीचा नंबर आणि रेल्वेचा १३९ फोनमध्ये सेव्ह करून ठेव.

मोगरा
काका, खरंच धन्यवाद. बाबांना हा मेसेज वाचून दाखवला. ते आज संध्याकाळीच फोन करणार आहेत.

अंबाझरी_वॉकर
रिव्ह्यू वाचायची माझी पद्धत सांगते. एकूण आकडा बघतच नाही. रिव्ह्यू "नवीन आधी" लावायचे आणि गेल्या तीन-चार महिन्यांचेच वाचायचे, कारण हॉस्टेलचा मॅनेजर बदलला की अख्खी जागा बदलते. त्यातही एकट्या प्रवाशांचे आधी. काही साइटवर तसा फिल्टरच असतो, हॉस्टेलवर्ल्डवर सुरक्षितता, स्वच्छता, जागा, स्टाफ यांचे वेगवेगळे गुण दिसतात. मी सुरक्षितता आणि स्वच्छता बघते. वातावरणाला दहापैकी दहा आणि स्वच्छतेला सहा, म्हणजे तिथे रात्री दोनपर्यंत गाणी चालतात असं समजते. कोणाला तेच हवं असेल तर छानच आहे.

मग एक-दोन स्टारवाले वाचायचे. "वायफाय स्लो", "नाश्ता बेचव" सोडून द्यायचं. तीच तक्रार दोन वेगळ्या महिन्यांत दोन वेगळ्या माणसांनी लिहिली असेल तर ती खरी. ढेकूण, बंद पडलेलं बाथरूमचं लॉक, स्टाफचं उद्धट वागणं, यातलं काहीही दोनदा दिसलं की ती जागा बाद. आणि मालकाने तक्रारीला काय उत्तर दिलंय तेही वाचायचं. भांडून उत्तर देणारा समोरही भांडतोच.

आणखी एक. गुगलवर सापडलेल्या नंबरला फोन केला आणि समोरच्याने "रूम कन्फर्म करायला लगेच यूपीआय करा" म्हटलं तर थांब. हॉटेलांच्या नावावर खोटे नंबर टाकून ठेवणारे आहेत, देवस्थानांच्या गावी तर जास्तच. नंबर हॉस्टेलच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायचा, पैसे ॲपमधून किंवा पोचल्यावर. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

रात्रपाळी
ढेकणांचा विषय निघालाच आहे तर नीट सांगतो, कारण रिसेप्शनवर असताना हे कामच होतं. खोलीत गेल्यावर सॅक बेडवर टाकायची नाही, फरशीवर किंवा बाथरूममध्ये ठेवायची. मोबाईलची टॉर्च लावून चादरीचा कोपरा वर करायचा, गादीची शिवण बोटाने उलगडून बघायची. शिवणीत बारीक काळे ठिपके दिसले, पेनाची शाई टेकवल्यासारखे, तर ती त्यांची विष्ठा. तपकिरी पातळ टरफलंही दिसतात. मग बंकच्या लाकडाचे किंवा लोखंडाचे सांधे, स्क्रूची भोकं, उशाकडची भिंत. दिवसा ढेकूण दिसत नाहीत, त्यांच्या खुणाच दिसतात. सापडलं तर शेजारचा बेड घेऊन भागत नाही, खोली बदलून मागायची, नाही दिली तर निघायचं. घरी आल्यावर कपडे चांगल्या गरम पाण्यात धुवायचे, साठ डिग्रीच्या पाण्यात ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात.

दोन मिनिटांचं काम आहे, पण हे बघेपर्यंत रजिस्टरवर सगळ्या रात्रींचे पैसे देऊन टाकू नका. एक रात्रीचे द्या.

सह्याद्रीवरून_विदर्भात
धाग्यात शिरते, माफ करा. मी पुण्याची, एप्रिलमध्ये ताडोबाला एकटी येतेय. नागपुरात एक रात्र काढायची आहे. हॉस्टेल शोधलं तर सगळी महिन्याच्या भाड्याची विद्यार्थिनींची वसतिगृहंच दिसताहेत. काय करू?

तर्रीवाली
बरोबर आहे, धरमपेठ-रविनगर-लक्ष्मीनगरकडे गल्लोगल्ली शिकणाऱ्या अन् नोकरीवाल्या पोरींची हॉस्टेलं आहेत. तिथे ओळखीची कोणी राहत असेल तर काही ठिकाणी एक-दोन रात्रीची पाहुणी म्हणून ठेवून घेतात, वॉर्डनला आधी विचारून ठेवायचं. परीक्षेला येणाऱ्या पोरी तसंच करतात. नसेल कोणी ओळखीचं तर उगाच शोधत बसू नको, चांगल्या वस्तीतलं साधं हॉटेल घे.

एरिया म्हणशील तर सीताबर्डी, रामदासपेठ, धरमपेठ, सदर. सीताबर्डीला मेट्रोच्या दोन्ही लाईन मिळतात, खापरीकडून येणारी ऑरेंज अन् लोकमान्य नगरकडून येणारी ॲक्वा. ॲक्वा लाईनवरच रेल्वे स्टेशनचा थांबा आहे. एअरपोर्ट नावाचं मेट्रो स्टेशन टर्मिनलच्या दारात नाही हां, तिथून मधे थोडं अंतर आहे. मेट्रो रात्री दहाच्या सुमारास बंद होते, उशिरा उतरणार असशील तर ॲपची टॅक्सी.

अन् एप्रिल आहे म्हणून विचारते, एसी की कूलर ते विचारलंस का? आपल्याकडची गर्मी कोरडी, कूलर मस्त चालतो, पण खिडकीत लावलेला पाहिजे अन् हवा बाहेर जायला दुसरी खिडकी पाहिजे. बंद खोलीत मधोमध ठेवलेला कूलर नुसता चिकचिक करतो. फोनवर हेच विचार, "कूलर खिडकीत आहे का?"

अजनी_जंक्शन
@सह्याद्रीवरून_विदर्भात, त्यापेक्षा नागपुरात रात्र कशाला काढता? सकाळची सफारी उजाडताना सुरू होते, नागपूरहून त्याच पहाटे निघून गेट गाठणं धावपळीचं आहे. मुक्काम गेटजवळच करा. कोलारा गेट असेल तर चिमूरकडून, मोहर्ली असेल तर चंद्रपूरकडून. चंद्रपूरला रेल्वे स्टेशन आहे. मंगळवारी ताडोबा बंद असतं, ते सोडून तारीख धरा. एसटीने गेलात तर बायकांना अर्धं तिकीट आहे, २०२३ पासून. नागपुरात राहायचंच असेल तर गणेशपेठ बसस्टँडच्या जवळपासची लॉज खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय घेऊ नका, दिवसा पोचून बघा.

आणि पुढे कधी येणार असाल तर डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन, या दोन्ही वेळी शहरात खोली मिळणं अवघड. तेव्हा आधीच बुक करा.

सह्याद्रीवरून_विदर्भात
खूप उपयोगी! मोहर्लीचं बुकिंग आहे, चंद्रपूरची गाडी बघते.

वरुडची_संत्री
मोगरा, बनारसच्या आधी एक रात्र सराव करून बघायचा असेल तर सेवाग्राम. नागपूरहून पंचाहत्तर किलोमीटर, आश्रमासमोर यात्री निवास आहे, साधी सोय. फोन करणं, खोली बघणं, एकटीने जेवणं, रात्री एकटीने झोपणं, सगळं घराजवळ करून बघता येतं. काही बिनसलं तर दीड-दोन तासांत घरी.

मोगरा
हे फार आवडलं. पुढच्या शनिवारी आई सोबत येते म्हणाली, तिला मी गोड बोलून घरीच ठेवणार आहे.

बाबांचा फोन झाला. अस्सीच्या हॉस्टेलवाल्याने सगळं नीट सांगितलं. रात्री काउंटरवर माणूस असतो, जागा असतो. मुलींच्या डॉर्मचं बाथरूम आतच आहे. लॉकर बेडखाली, कुलूप आपलं. लॉजवाल्याला मी विचारलं तर "मॅनेजरला विचारून सांगतो" म्हणाला आणि नंतर फोनच उचलला नाही, तो बाद. तिकीट बदललंय, आता गाडी सकाळी थेट बनारसला पोचते, म्हणून एक दिवस उशिरा निघतेय. हॉस्टेल तीनच रात्री, पहिल्या रात्रीचेच पैसे भरलेत, बाकी तिथे गादी बघून.

चंद्रभागा
शाब्बास. तारखा महाशिवरात्रीच्या आसपास नाहीत ना? असतील तर गर्दी आणि भाडं दोन्ही वाढतं, मग बाकीच्या रात्रीही आत्ताच धरून ठेव, रद्द करता येण्याजोग्या.

मोगरा
नाही, आधीच्या आठवड्यात आहे.

अंबाझरी_वॉकर
अस्सीला पहाटेची आरती आणि सूर्योदयाची नाव चुकवू नकोस. त्यासाठी साडेचार-पाचला बाहेर पडावं लागेल. हॉस्टेलचं खालचं गेट तेव्हा उघडं असतं की कोणाला उठवावं लागतं, ते विचारलंस का?

मोगरा
हे राहिलंच. उद्या परत फोन करते.